पुढचं टोक, मागचं टोक

१८ डिसेंबर, कावासाकी, जपान

मला दिलेल्या खोलीत माझ्या आधीपासून कोणीतरी राहतं आहे. खिडकीशी, भिंतीला टेकून, दुलई पांघरून. काल विमानतळावरून आले तेव्हा डोळे मिटत होते, म्हणून विचारलं नाही. आज सकाळी दुलई ओढली तर आत फळी. स्नोबोर्ड. माझ्याहून उंच आणि माझ्याहून लाडावलेली.

मूल नको असं धीरज आणि अनघाने ठरवलं आहे, आणि त्यावर बोलायचं नाही असं मी ठरवलं आहे. दोन्ही निर्णय इतकी वर्षं टिकले. पण फळीला दुलई?

"थंडीसाठी नाही गं आई, ओरखडे पडू नयेत म्हणून," माझा मुलगा म्हणाला. स्वतः बर्फावर पाऊल ठेवत नाही, कंबर दुखते म्हणे. बायकोची वकिली मात्र तत्पर.

धीरजचं कंत्राट मार्चअखेर संपतं आहे, मग दोघं पुण्याला परतणार. सून इथेच एका इलेक्ट्रॉनिक्स कंपनीत आहे, आणि गेली काही वर्षं दर हिवाळ्यात बर्फावर आपटून घेते. त्याची परीक्षाही असते. पहिल्या श्रेणीला ती तीनदा बसली, तीनदा नापास. चौथी परीक्षा पंधरा फेब्रुवारीला. पुण्यात बर्फ फक्त उसाच्या रसात मिळतो, तेव्हा यंदा नाही तर कधीच नाही. चाळिशीला टेकलेली बाई हे सगळं एका कागदासाठी करते आहे. मी काही बोलले नाही. म्हणजे फारसं.

२१ डिसेंबर

आज हॉलमध्ये निळं प्लॅस्टिक अंथरून फळी आडवी झाली. आधी इस्त्री. होय, इस्त्री. फळीच्या तळाला मेण लावायला वेगळी इस्त्री आहे. माझा ब्लाउज मात्र "आई, इथल्या कपड्यांना इस्त्री लागत नाही" म्हणून चुरगळलेलाच. सगळ्या घराला मेणबत्त्यांच्या कारखान्याचा वास.

मग अनघाने कानस काढली. फळीच्या दोन्ही लांब बाजूंना पोलादी कड असते, तिला धार लावायची.

"कशाला?" मी विचारलं.

"कार्व्हिंगसाठी, आई. वळताना फळी घसरू द्यायची नाही. तिला कडेवर उभी करायची आणि बर्फ कापत न्यायची. मागे एकच बारीक रेघ उरली पाहिजे. माझी कड मध्येच सुटते आणि रेघ फिसकटते. म्हणून नापास."

एवढं बोलून ती कानस ओढायला लागली. ओढायला कसली, नारळ खवत होती! पुढे-मागे, खरखर, हाताचा कोन दर वेळी वेगळा. मी एकतीस वर्षं मुलींच्या तंत्रनिकेतनात इंजिनिअरिंग ड्रॉइंग शिकवलं आहे. मला सहन होईना. म्हटलं, "अशा हाताने माझ्या वर्गात पेन्सिलीला टोक केलं असतंस तर टी-स्क्वेअरसकट बाहेर काढली असती. तीनदा नापास झालीस यात नवल ते काय?"

तिने लोहकीस ओल्या कागदाने टिपून घेतला, पुडी बांधली आणि धातूच्या कचऱ्याच्या पिशवीत टाकली. तो महिन्यातून दोनदाच नेतात, त्याचंही वेळापत्रक फ्रिजवर. रात्री जेवताना धीरज म्हणाला, "आई, जरा हळू."

हळू काय? खरं होतं ते बोलले.

२७ डिसेंबर

दोघं ऑफिसात. इथे वर्षअखेरीलाही शनिवारी कामाला बोलावतात. मी आणि फळी घरात.

हत्यारं पाहिली. कानशीला धरायला कोनाचा साचा आहे, अठ्ठ्याऐंशी अंशांचा. म्हणजे काटकोनाला दोन कमी. आता हा कोन मला न कळायला मी काय भाजीवाली आहे? कडेला आधी काळ्या मार्करने रंगवलं आणि हलक्या हाताने, एकाच दिशेने, एकाच दाबाने कानस फिरवली. जिथे शाई उरते तिथे कानस लागलेली नाही. शाई सरळ पुसत गेली की समजायचं, कोन बरोबर आहे. मग कडेवरची बारीक कूस दगडाने काढली. नखावर धार टेकवून पाहिली, तर नखाचा कीस निघाला.

दोन्ही बाजू झाल्यावर एक आळशीपणा सापडला. पुढचं आणि मागचं टोक वर वळायला लागतं, तिथून पुढे धारच नाही! बोथट, गोल, बोट फिरवलं तरी काही नाही. फळी विकणाऱ्या दुकानदाराने लांबीची कामं उरकली आणि वळणाचा भाग आला तसा हात झटकून मोकळा. आणि हिला इथल्या सात वर्षांत कळलं नाही.

आमच्या कॉन्व्हेंटमध्ये मदर इग्नेशिया शिवणाच्या तासाला रुमाल हातात घेऊन आधी कोपरे बघायच्या. सरळ टीप कोणीही घालतं, मुलगी कळते ती कोपऱ्यात. मी चारही वळणं कानशीने, मग दगडाने, वस्तऱ्यासारखी केली. हात दुखले. दुलई घालून फळी होती तशी ठेवली. धार मी लावली एवढंच अनघाला सांगितलं. टोकांचं तिचं तिला कळू दे.

४ जानेवारी

अनघा पहाटेच्या शिंकानसेनने, म्हणजे इथल्या बुलेट ट्रेनने, युझावाच्या डोंगरावर जाऊन आली. आली ती एका पायावर. पहिल्याच उतारावर आपटली, दुसऱ्यावरही. खुबा काळानिळा, बसता येत नाही. उभ्या उभ्या चहा प्याली.

"बर्फ कडक होता, आई."

"बर्फ कडक नसेल तर काय शिऱ्यासारखा असेल?"

मग ती माझ्या खोलीत आली आणि फळीच्या पुढच्या टोकावर अंगठा फिरवत बराच वेळ उभी राहिली. "आई, तुम्ही टोकांनाही धार...?"

"हो तर! अर्धवट काम मला जमत नाही. तुझ्या त्या दुकानदाराला लाज वाटायला हवी."

ती माझ्याकडे पाहत राहिली. काहीतरी बोलणार होती, पण म्हणाली एवढंच, "कड खूप छान झालीय, आई. मधली कड इतकी छान कधीच नव्हती."

मधली म्हणे. कौतुकसुद्धा ही मुलगी तोलून करते.

१० जानेवारी

टोकं पुन्हा बोथट! जपानी पोलाद म्हणून जगभर काय तो डांगोरा. मधली कड शाबूत आणि टोकं आठवड्यात गेली. पुन्हा कानस, पुन्हा दगड.

अनघाच्या हत्यारांच्या डब्यात एक लाल खोडरबर सापडला, साबणाच्या वडीएवढा. पेन्सिलची रेघ खोडून पाहिली तर कागद फाटला. खोडरबरही धड बनवता येत नाही यांना.

रविकांतना फोन केला. माझ्याविना नवरोबा पुण्यात एकटे मजेत दिसतात, रोज ब्रिजचा डाव. सगळं ऐकून म्हणाले, "तिने तुला धार लावायला सांगितलं का?"

"सांगायला कशाला हवं? मला दिसतं ना."

"तुला दिसलं की आम्हाला दिसायचं बंद होतं," म्हणाले आणि हसत सुटले. अशा विनोदांना उत्तर देत नाही मी.

१९ जानेवारी

तिसऱ्यांदा बोथट. आता हद्द झाली. अनघा मेण आणायला तोक्योतल्या तिच्या दुकानात निघाली, मी फळी घेऊन तिच्याबरोबर गेले. नको नको म्हणत होती. मी ऐकते थोडीच.

दुकानदार पोरसवदा, केस पिवळे रंगवलेले. मी त्याला सरळ सुनावलं. म्हटलं, तुमच्या पोलादात दम नाही, टोकं चार दिवस टिकत नाहीत, आणि मुळात तुम्ही ती धार न लावताच गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारलीत, ही फसवणूक आहे, माझी सून साधी आहे म्हणून तुमचं फावलं. मग अनघाला म्हटलं, "सांग त्याला. एक शब्द गाळू नकोस."

अनघाने माझ्या दहा वाक्यांची तीन केली. जपानी भाषा आटोपशीर आहे हे खरं, पण इतकी?

तो माणूस तिच्याकडे पाहत राहिला, मग माझ्याकडे. मधल्या कडेवर नख लावून पाहिलं, डोळे मोठे केले आणि मला कमरेत वाकून नमस्कार केला.

"काय म्हणतोय?"

"म्हणतोय, काळजी घेऊ."

"सेन्सेई म्हणाला मला. ऐकलं मी."

"हो. त्याने विचारलं की कडेला धार कोणी लावली. मी सांगितलं."

सेन्सेई म्हणजे शिक्षिका. एवढं तरी बरोबर ओळखलं त्याने. पण भरपाईबद्दल अवाक्षर नाही. हे लोक वाकले की आपण भांडण विसरायचं, असा इथला कायदा दिसतो.

१ फेब्रुवारी

अनघा हल्ली दर रविवारी येते ती हसत. पडत नाही. कड सुटत नाही म्हणते. अर्थात सुटणार नाही, दर शुक्रवारी मी धार लावते, टोकांसकट. टोकं पुढच्या शुक्रवारी बोथट असतातच. पोलादाशी भांडून उपयोग नाही, मी चिकाटीने करत राहणार.

आज ती कणीक मळत होती. मी विचारलं, "तुला त्या कागदाचं एवढं काय? तो पुण्यात कोण विचारणार?"

मळता मळताच म्हणाली, "आई, इथे सात वर्षं मी जे काही बोलते त्यावर लोक आधी म्हणतात, तुमचं जपानी किती छान आहे. मी काय म्हणाले ते नंतर. कधीकधी नंतरही नाही. डोंगरावर परीक्षक खाली उभे असतात, ते फक्त रेघ बघतात. रेघेला उच्चार नसतो. एकदा तरी इथल्या माणसांनी माझं काम बघून मला पास म्हणावं."

मी कणकेत बोट खुपसलं. म्हटलं, "कणीक सैल झालीय."

झालीच होती. पण तेवढंच म्हणून थांबायला नको होतं, असं आता वाटतंय.

१५ फेब्रुवारी, युझावाहून परतताना, गाडीत

क्रमाने लिहिते, नाहीतर चिडून सगळं उलटंपालटं होईल.

धीरजच्या ऑफिसात सॉफ्टवेअरचं रिलीज होतं, म्हणून मी अनघाबरोबर आले. काल डोंगराच्या पायथ्याच्या लॉजवर उतरलो. सकाळी ती नाश्त्याला बसली, तेव्हा मी फळ्या ठेवायच्या खोलीत जाऊन शेवटची तपासणी केली. टोकं बोथट! परवाच लावलेली धार! आज परीक्षा आणि हे! पर्समधून कानस काढली आणि चारही वळणं चांगली घासली. दगड फिरवला. अंगठ्याला लागली इतकी धार आली. अनघा आली, फळी घेतली, माझ्या पाया पडली आणि सरावाला वर निघून गेली. मी म्हटलं, "या वेळी टोकापासून टोकापर्यंत चोख आहे." ती हसली.

मग मी बाहेर आले. भिंतीशी लांब मांडणीत परीक्षेला बसणाऱ्या बाकीच्यांच्या फळ्या उभ्या होत्या. इतक्या वर्षांची सवय, बाकांमधून फिरल्यासारखी निघाले. पहिल्या फळीच्या टोकावरून बोट फिरवलं. बोथट. म्हटलं, घ्या, दुसरा आळशी. पुढची, बोथट. त्याच्या पुढचीही. शेवटी एका फळीशी थांबले. तिची मधली कड आरशासारखी होती. सांगायला आवडत नाही, पण माझ्याहून चांगली. आणि टोक? टोक बोथट. जिथे वर वळायला लागतं बरोबर तिथून सुरू करून, धार हळूहळू उतरवत नेलेली, दोन्ही बाजूंना सारखी. हे आळशाचं काम नव्हतं. कोणीतरी बसून, मोजून, मुद्दाम केलेलं होतं.

फळीचा मालक मागे येऊन उभा होता. मी त्याच्या फळीवर बोट ठेवून उभी. त्याने नमस्कार केला. मी विचारलं, "व्हाय?" त्याने विचार केला, दोन्ही तळवे फळीसारखे धरले, पुढचं टोक बर्फात रुतल्यासारखं खाली वाकवलं आणि म्हणाला, "शार्प, डेंजर." आणि हाताने आपटून दाखवलं.

माझ्या डोळ्यांपुढे तिचा तो काळानिळा खुबा आला.

त्यानंतर मी डोंगरावर नेणाऱ्या गोंडोलाच्या, म्हणजे तारेवरच्या बंद पाळण्याच्या, तिकीट-खिडकीशी कशी गेले आठवत नाही. धीरजचे कधीच न वापरलेले बर्फाचे बूट, दोन मापं मोठे, फताडफताड. तिकिटाच्या मुलीने माझे रिकामे हात पाहिले आणि काहीतरी विचारलं. मी पर्स दाखवली. चढवलं तिने. सगळा वेळ खाली बघत होते, कोणी पडलेलं दिसतंय का. डोंगरभर रंगीबेरंगी जाकिटं आणि त्यातली एकही अनघा वाटेना.

वर पोचले तर ती उताराच्या तोंडाशी बर्फात बसली होती. अंगावर नंबराचं बनियन, मांडीवर फळी, हातात तो लाल खोडरबर. पुढचं टोक घासत होती.

"अनघा! टोकं!"

तिने वर पाहिलं. चेहरा चोरी पकडल्यासारखा. "आई, तुम्ही वर कशा आलात?"

"मरू दे ते. हा खोडरबर..."

"रबराचा दगड आहे. धार उतरवायला." मग हळूच म्हणाली, "खोडरबरच समजा. तुम्ही केलेली टोकं मी खोडते."

"कधीपासून?"

"चार जानेवारीपासून. टोक धारदार असलं की आपण वळायच्या आतच ते बर्फ पकडतं. मग फळीच ठरवते कुठे जायचं."

"आणि इतके दिवस तोंडात काय मिठाची गुळणी धरली होतीस? त्या दुकानात मी त्या पोराला फसव्या म्हणाले!"

"ते मी सांगितलंच नाही त्याला."

"मग काय सांगितलंस?"

"म्हटलं, या माझ्या सासूबाई, कडेला धार यांनी लावली, जरा बघा."

मला इतका राग आला की थंडी वाजायची थांबली. आजूबाजूची नंबरवाली माणसं शिस्तीत दुसरीकडे बघत होती. "का नाही सांगितलंस? सरळ, तोंडावर?"

"सांगितलं असतं तर तुम्ही कानस खाली ठेवली असती. आणि बाकीची कड तुमच्यासारखी मला कुठून मिळणार होती, आई?"

"हे एक कारण झालं. दुसरं?"

ती फळीकडे बघत म्हणाली, "दुसरं तुम्हाला माहीत आहे."

माहीत होतं. मी विचारायला नको होतं.

कोणीतरी नंबर पुकारायला लागलं. तिच्या आधी फक्त दोघं उरले. मी टोकावर बोट फिरवलं. उजवी बाजू उतरली होती, डावी अजून बोचत होती. "घाईत करतेस आणि मग एक बाजू राहते. आण इकडे तो दगड." बर्फात गुडघे टेकले आणि डावी बाजू घासली. मागचं टोकही घासलं. माझीच मेहनत माझ्याच हाताने. पोलाद असं चिवट की धार उतरता उतरेना. ते धारेचं श्रेय आहे, हे इथे लिहून ठेवते.

ती पायांत फळी अडकवून उभी राहिली आणि गेली.

मला त्यातलं काही कळत नाही. पण रेघ कळते. ती डावीकडे कलली, इतकी की हात बर्फाला लागेल, आणि फळीखालून एक वळण निघालं. मग उजवीकडे दुसरं. जाडी कुठे बदलली नाही, जोड कुठे दिसला नाही. फ्रेंच कर्व्हची वळणदार पट्टी ठेवून, चांगल्या टोकाच्या पेन्सिलीने, एका श्वासात काढल्यासारखी रेघ. एकतीस वर्षांत असं वळण काढणाऱ्या मुली मला फार थोड्या भेटल्या. मी वरून ओरडले, "शाब्बास!" नंबरवाल्या माणसांनी टाळ्या वाजवल्या, बहुतेक मला.

लांब वळणांत पास. आयुष्यात पहिल्यांदा. मग छोट्या वळणांच्या फेरीत एका गुणाने नापास. एका! मी परीक्षकांशी बोलायला निघाले होते. अनघाने दंडाला धरून ठेवलं. "आई, नको. त्यांचं बरोबर आहे. शेवटी मी घाबरले."

"घाबरायला काय झालं होतं? टोकं तर उतरवली होती!"

ती हसायला लागली आणि मग हसता हसता रडली. माझ्याजवळ रुमाल होता. कोपरे नीट मुडपलेला. आता शेजारी झोपली आहे, तोंड उघडं टाकून. फळी आमच्या दोघींच्या मागे, दुलईत.

१७ फेब्रुवारी, कावासाकी

आठ मार्चला नागानोकडे दुसऱ्या एका डोंगरावर पुन्हा परीक्षा आहे. माझं परतीचं तिकीट चोवीस फेब्रुवारीचं. धीरज म्हणाला, "आई, तू जा, आम्ही सांभाळू." त्याने काय सांभाळायचं? त्याला कानस उलटी की सुलटी कळत नाही. तिकीट दहा मार्चवर ढकललं.

रविकांतना कळवलं. "सावकाश ये," म्हणाले. आवाजात आनंद जरा जास्तच होता. सगळी हकिकत सांगितल्यावर विचारलं, "मग चूक कोणाची?"

"दुकानदाराची. विकतानाच सांगायला हवं होतं."

"बरोबर," म्हणाले आणि खोकला आल्यासारखं केलं.

संध्याकाळी निळं प्लॅस्टिक अंथरलं. मार्कर, कानस, दगड, मधली कड पूर्ण केली. मग लाल रबर घेऊन टोकांना बसले. हे काम धार लावण्यापेक्षा कटकटीचं आहे. कुठे थांबायचं हे दाखवायला साचा नाही, शाई नाही, काही नाही.

अनघा ऑफिसातून आली, कोटसुद्धा न काढता खाली बसली आणि पुढच्या टोकावर अंगठा फिरवला. मग मागच्या टोकावर. थांबली. माझ्याकडे पाहिलं, फळीकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे.

"आई," ती म्हणाली, "मागचं अजून थोडं."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा, सरळ तोंडावर.

जिभेवर तीन उत्तरं तयार होती, तिन्ही चांगली. मी चष्मा पुसला आणि मागचं अजून थोडं केलं.